घरचा मसालेदार चुरा: आधी भाजा, मग लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ओहायोत राहता, अनेक वर्षे दुकानातले पाकीट आणून त्यातला मसालेदार चुरा चिकनला आणि पोर्क चॉपला लावून ओव्हनमध्ये भाजत होता, आणि आता त्यातले मीठ घरात चालत नाही म्हणून तसा चुरा घरी करू पाहता. तीनदा केलात. पहिल्यांदा वरचा थर पांढुरकाच राहिला, दुसऱ्यांदा खालची बाजू लिबलिबीत होऊन जाळीला चिकटली, आणि तिसऱ्यांदा रंग यावा म्हणून आच वाढवली तर लसणाची पूड करपून सगळेच कडवट झाले. यावर तुम्ही विचारले आहे ते मसाल्यांचे अचूक प्रमाण.

प्रमाण मी खाली दिलेच आहे, पण ते हाती आले तरी या तीन अडचणींपैकी एकही सुटणार नाही, हे आधी सांगायला हवे. न्यू जर्सीत मी १९ वर्षे केटरिंगचे लहानसे स्वयंपाकघर चालवतो आणि अशा भाजलेल्या चिकनचे ट्रे आठवड्याला दोन-तीनदा तरी करतो. माझ्या अनुभवात चुऱ्याचे चिकन मसाल्यापायी क्वचित बिघडते. ते बिघडते पाणी, तेल आणि आच यांचा मेळ न बसल्यामुळे. पाकीटवाल्यांनी हा मेळ कारखान्यातच बसवून दिलेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटते की सारी जादू मसाल्याची आहे.

तळणे आणि ओव्हनमध्ये भाजणे यांत काय फरक आहे ते पाहू. ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअसच्या तेलात तुकडा सोडला की तेल त्याला सगळीकडून वेढते, चुऱ्यातले पाणी तडतडत बाहेर पडते, त्याच्या जागी तेल शिरते आणि चार-पाच मिनिटांत थर लालसर होतो. ओव्हनमधली हवा ४२५ अंशांना तापवली तरी ती तेलाइतकी वेगाने उष्णता देऊ शकत नाही. त्यातच खालचे मांस शिजू लागले की स्वतःचे पाणी सोडते, ते पाणी वर चुऱ्यात येते, आणि चुरा ओला आहे तोवर त्याचे तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसे वर जात नाही. पावाला खमंग तपकिरी रंग येतो तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. हाड नसलेली चिकन थाय, म्हणजे मांडीचा तुकडा, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि इंचभर जाडीचा पोर्क चॉप त्याहूनही लवकर होतो. तेवढ्या वेळात कोरडा, कच्चा चुरा रंगावर येतच नाही. रंगाची वाट पाहत बसले तर आतले मांस चामड्यासारखे होते.

तेव्हा चुऱ्याला रंग आणि कुरकुरीतपणा आणायचा तो मांसाला लावण्यापूर्वीच. आपल्याकडे हे नवीन नाही. थालीपिठाची भाजणी करताना धान्ये आधी भाजतो, मग दळतो, कारण तव्यावरच्या पाच-सात मिनिटांत कच्च्या पिठाला तो खमंगपणा येणार नसतो. ओव्हनमधल्या चिकनचा चुरा ही पावाची भाजणीच समजा. अमेरिकेत जनरल फूड्सने १९६५ साली शेक अँड बेक हे पिशवीत घालून हलवायच्या चुऱ्याचे पाकीट बाजारात आणले तेव्हापासून या प्रकारच्या पाकिटांत पीठ, चुरा आणि मसाल्यांबरोबर तेलही घातलेले असते. घरी करताना नेमके हे तेल घालायचे राहून जाते, कारण पाकिटातला चुरा हाताला कोरडाच लागतो आणि त्यात तेल मुरलेले आहे हे ध्यानात येत नाही.

आता पावाकडे वळतो, आणि इथे बरेचसे तुमच्या घरात काय आहे यावर अवलंबून आहे. अमेरिकी सँडविच ब्रेडमध्ये साखर असते, त्यामुळे तो लवकर लाल होतो. आंबवलेला जाड सालीचा सावरडो ब्रेड उशिरा रंगतो आणि त्याचा चुरा दाताला कडक लागतो. मी दोन-तीन दिवसांचा शिळा साधा पांढरा ब्रेड वापरतो. २५० ग्रॅम ब्रेडचे तुकडे ट्रेमध्ये पसरून ३०० अंश फॅरनहाइटला पंधरा ते वीस मिनिटे वाळवायचे, म्हणजे पाणी उडून सुमारे १६० ग्रॅम उरते. तुकडा मोडल्यावर कटकन आवाज आला पाहिजे. मध्ये जरा जरी लवचीक लागला तरी परत ओव्हनमध्ये घालावा. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावा, कारण गरम असताना फिरवला तर वाफेने आतल्या आत ओलसर गोळे होतात.

किती बारीक करायचा हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सगळा चुरा पिठासारखा झाला तर तो मांसाचे पाणी पिऊन खळीसारखा बसतो. सगळा जाड राहिला तर मधल्या फटींतून मांस उघडे दिसते आणि कण गळून पडतात. मी दोन भाग जाड लापशी रव्याएवढा आणि एक भाग बारीक असा ठेवतो. बारीक भाग फटी बुजवतो, जाड भाग कुरकुरीतपणा देतो. जपानी पँको आणला तरी हेच करावे. पँकोचा पाव विजेचा प्रवाह सोडून भाजतात, त्यामुळे त्याला तपकिरी साल येत नाही आणि चुऱ्याचे पातळ, खडबडीत, पांढरे तुकडे पडतात. ओव्हनमध्ये ते छान हलके राहतात, पण तेलात परतल्याशिवाय लावले तर पांढरेच राहतात. तुमच्या पहिल्या प्रयत्नात बहुधा हेच झाले असावे.

रव्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी मराठी माणूस या वाटेला लागला की रव्यापाशी थांबतोच, म्हणून सांगतो. कोकणात आणि गोव्यात मासा रव्यात घोळवून तव्यावर शॅलो फ्राय करतात तेव्हा रवा तेलात बसलेला असतो. तोच मासा किंवा चिकन ओव्हनमध्ये घातले तर रवा दाताखाली कचकच लागतो आणि वाळूसारखा कच्चा वाटतो. मीही पहिल्या वर्षी हा उद्योग केला होता. रवा घालायचाच असेल तर चुऱ्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नको, आणि तोही तेलात चांगला परतून. गहू चालत नसेल तर मी पातळ पोहे कोरडे भाजून हातानेच चुरतो. तेल लावल्यावर ते ओव्हनमध्ये छान उभे राहतात. कॉर्नफ्लेक्स आधीच भाजलेले असतात, म्हणून ते सोपे पडतात, मात्र त्यांत साखर असल्याने ते ४०० अंशांच्या वर नेऊ नयेत, आणि गहू वर्ज्य असणाऱ्यांनी डब्यावरचे घटक वाचावेत, कारण मक्याचे असूनही त्यांत पुष्कळदा बार्लीचे माल्ट असते.

आता तेल. १५० ग्रॅम कोरड्या चुऱ्याला ३ मोठे चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम तेल लागते. वास नसलेले कोणतेही तेल चालेल. कढईत घालण्यापूर्वी परातीत चुऱ्यावर तेल सोडून तळहातांनी चोळावे, करंज्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसे, म्हणजे प्रत्येक कणाला तेल लागते. मूठ दाबल्यावर चुरा क्षणभर गोळा धरून लगेच सुटला तर तेल बरोबर आहे. अजिबात गोळा धरला नाही तर अर्धा चमचा आणखी घालावे. गोळा सुटलाच नाही तर थोडा कोरडा चुरा मिसळावा. मग जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेहून कमी आचेवर सहा ते आठ मिनिटे सतत हलवत परतावा. पहिली तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही, माणूस कंटाळून आच वाढवतो, आणि मग पुढच्या अर्ध्या मिनिटात तळाचा चुरा काळा पडतो. आच वाढवू नका. रंग गव्हाच्या पिकलेल्या दाण्यासारखा झाला की उतरवा; ओव्हनमध्ये तो आणखी एक-दोन छटा गडद होणार आहे. उतरवल्यावर कढईतच ठेवू नका, लगेच थंड ताटात पसरा, नाहीतर कढईच्या उष्णतेने तो पुढे भाजत राहतो.

तेलाऐवजी लोणी घातले तर चव सुरेख येते, पण लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. साजूक तुपात तो अंश नसतो, म्हणून पोर्क चॉपसाठी मी अर्धे तेल आणि अर्धे तूप घेतो. घरात भारतीय दुकानातल्या तुपाची बरणी असेलच, तर ते वापरण्यात संकोच बाळगू नका.

मसाले घालायचे ते चुरा कढईतून उतरवल्यावर, तो हाताला सोसवेल इतका कोमट असताना. पॅप्रिकाचा, म्हणजे गोडसर लाल मिरचीच्या पुडीचा, रंग तेलात उतरतो आणि त्याला कोमट तेल पुरते. जास्त तापला तर तो तपकिरी आणि कडू होतो. लसणाची पूड तर भाजलेल्या चुऱ्याबरोबर कढईत कधीच नको. वाळलेल्या लसणात साखरेचा अंश बराच असतो आणि पाणी नसते, त्यामुळे तो पावाच्या आधी करपतो, आणि तुमचा तिसरा प्रयत्न तिथेच फसला. कच्च्या चुऱ्याला रंग आणण्यासाठी तुम्ही आच वाढवली, पण आचेने आधी लसूण गाठला. चुरा आधीच भाजलेला असेल तर आच वाढवायची गरजच पडत नाही.

चिकनसाठी माझे नेहमीचे प्रमाण १५० ग्रॅम चुऱ्याला असे आहे: पॅप्रिका २ चहाचे चमचे, कांद्याची पूड २ चमचे, लसणाची पूड १ चमचा, ताजी कुटलेली मिरी १ चमचा, वाळलेले थाइम १ चमचा, मोहरीची पूड अर्धा चमचा आणि साखर अर्धा चमचा. साखर वगळली तरी चालते. ती पाकिटाची चव आठवणाऱ्यांसाठी आहे. थाइम कसुरी मेथीसारखे तळहातावर चोळून घालावे, म्हणजे वास सुटतो. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीची पूड घेतली तर निम्मी घ्यावी, कारण गोड पॅप्रिकाला तिखटपणा जवळजवळ नसतो. पोर्कसाठी थाइमच्या जागी पाऊण चमचा वाळलेले सेज आणि एक चमचा भरड कुटलेली बडीशेप घालतो, मोहरीची पूड दुप्पट करतो आणि पॅप्रिका निम्मा ठेवतो. पोर्कच्या चरबीला बडीशेप आणि मोहरी जेवढी मानवते तेवढे दुसरे काही मानवत नाही, असे माझे मत आहे. माझ्या स्वयंपाकघरातली सहकारी मात्र सेजशिवाय बाकी सगळे फालतू मानते.

आपले मराठी मसाले चुऱ्यात घालावेत का, हे अनेक जण विचारतात. गोडा मसाला मी दोनदा घालून पाहिला. त्यातले खोबरे, तीळ आणि दगडफूल आधीच भाजलेले असतात, ओव्हनमध्ये ते पुन्हा भाजले जातात आणि मागे कडसर चव ठेवतात. मालवणी मसाल्याचेही थोडेफार तेच होते. हे मसाले हवे असतील तर ते खालच्या ओल्या लेपात, म्हणजे दह्यात किंवा मेयोनेझमध्ये कालवून मांसाला लावावेत आणि वरचा चुरा साधा मीठ-मिरीचा ठेवावा. ओलाव्यात मसाला करपत नाही आणि चवही थेट मांसाला लागते.

मिठाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. पाकिटाच्या पद्धतीत मांस बहुधा अळणीच असते आणि सगळे मीठ वरच्या थरात असते, त्यामुळे पहिला घास खारट आणि आतला भाग सपक लागतो. मीठ मांसाला वेगळे लावले तर एकूण मीठ कमी वापरूनही चव भरून येते. एक किलो मांसाला मी ८ ते १० ग्रॅम मीठ लावतो, आणि १५० ग्रॅम चुऱ्यात फक्त ३ ते ४ ग्रॅम. तुम्हाला आणखी कमी करायचे असेल तर चुऱ्यातले मीठ आधी निम्मे करा आणि कांद्याची पूड, मिरी थोडी वाढवा. मांसातले शेवटी कमी करा. घरात कोणाला डॉक्टरांनी मिठाचे बंधन घातले असेल तर मात्र माझे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळा. मीठ चमच्याने न मोजता वजनाने मोजावे ही माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेत मिळणारे जाड दाण्याचे कोशर मीठ आणि बारीक टेबल मीठ यांच्या एका चमच्याच्या वजनात काही ब्रँडमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, आणि त्यामुळे एकाच पाककृतीचा पदार्थ एकाच्या घरी खारट तर दुसऱ्याच्या घरी अळणी होतो. भाजलेल्या चुऱ्याचा आणखी एक फायदा असा की तो तसाच खाता येतो. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. नुसता खाताना जरा चढा वाटला तर मांसाबरोबर तो बरोबर लागेल.

मीठ लावलेले मांस शक्य असेल तर रात्रभर, नाहीतर दोन तास तरी जाळीवर ठेवून फ्रीजमध्ये उघडे ठेवावे, सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर पडणार नाही. मीठ आत जाते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. पृष्ठभाग कोरडा असणे ही चुरा चिकटून राहण्याची पहिली अट आहे. इथे आपल्या घरच्या सवयीची आठवण करून द्यायला हवी. कोंबडी न धुता शिजवायची ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही, आणि अमेरिकेचे कृषी खाते तर धुऊ नका असे सांगते, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू सिंक आणि ओट्यावर पसरतात. मी न धुण्याच्या पक्षात आहे. तुम्ही धुतच असाल तर निदान नंतर कागदी रुमालाने इतके टिपा की बोटाला ओल लागणार नाही, आणि सिंक साबणाने घासा. धुऊन तशाच ओल्या तुकड्यावर चुरा दाबला तर मध्ये पाण्याचा थर राहतो, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, आणि कापताना सगळे कवच टोपीसारखे सुटून येते.

चिकटवण्यासाठी पीठ, अंडे, चुरा ही तीन ताटांची पद्धत तळण्याला उत्तम आहे, पण ओव्हनमध्ये पिठाचा थर बऱ्याचदा चिकट राहतो. मी एक किलो मांसाला ३ मोठे चमचे मेयोनेझ आणि १ चहाचा चमचा डिजाँ मोहरी (वाटलेल्या मोहरीची फ्रेंच पद्धतीची चटणी) एकत्र करून अगदी पातळ लेप लावतो. मेयोनेझमध्ये तेल आणि अंडे दोन्ही असल्याने ते चिकटतेही आणि चुऱ्याला खालून तेलही पुरवते. लेप इतका पातळ हवा की मांसाचा रंग त्यातून दिसावा. जाड लावला तर चुरा त्यावर तरंगतो आणि घसरतो. मेयोनेझ नको असेल तर एका अंड्याचा पांढरा भाग आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर फेटून घ्यावे. दही वापरायचे असेल तर ते फडक्यात बांधून पाणी काढलेले, चक्क्याच्या जवळ जाणारे हवे.

पाकिटातल्याप्रमाणे पिशवीत घालून हलवू नका. कारखान्यातला चुरा बारीक आणि एकसारखा असतो, म्हणून त्याला ते चालते. घरच्या चुऱ्यातले जाड कण पिशवीतच मागे राहतात, बारीक तेवढे मांसाला लागतात आणि थर पिठूळ होतो. ताटात थोडा चुरा पसरून त्यावर तुकडा ठेवावा, वरून चुरा घालून तळहाताने दाबावे आणि झटकून जाळीवर ठेवावा. एक किलो मांसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम चुरा लागतो. बरणीतून थोडा थोडा चुरा ताटात काढत जावे, कारण कच्च्या मांसाला लागलेला चुरा परत बरणीत टाकता येत नाही. तो फेकावाच लागतो. लावून झाल्यावर तुकडे दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावेत, तेवढ्यात लेप चुऱ्यात मुरून घट्ट होतो.

इथवरचे एकत्र सांगायचे तर क्रम असा झाला: मांसाला मीठ लावून कोरडे करणे, पाव वाळवून भरड करणे, तेल चोळून परतणे, उतरवून मसाला घालणे, पातळ लेप लावणे, चुरा दाबणे. उरला ओव्हन.

ओव्हनमध्ये ट्रेवर फॉइल, फॉइलवर तारेची जाळी आणि जाळीवर तुकडे, हा माझा नियम आहे. तुमची जाळी होती तरी खालची बाजू ओली झाली, याची दोन कारणे संभवतात. एक तर तुकडे एकमेकांना खेटून ठेवले असतील. मग त्यांची वाफ बाहेर न जाता तिथेच कोंडते. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवे, आणि तेवढे बसत नसतील तर दुसरा ट्रे घ्यावा. दुसरे म्हणजे चुरा कच्चा असेल, तर तो खालून टपकणारे पाणी स्पंजासारखा शोषतो. तेल मुरलेला चुरा तेवढे पाणी घेत नाही. जाळी नसेल तर रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापवून, त्यावर चमचाभर तेल फिरवून तुकडे ठेवावेत आणि अर्ध्या वेळेला पातळ उलथन्याने एकदाच उलटावेत. जाळी असेल तर उलटायचे नाही.

हाड नसलेल्या थायला ४२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२० अंश सेल्सिअस, आणि वीस ते पंचवीस मिनिटे. हाडासकट तुकड्यांना ४०० अंश आणि पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे. पंख्याचा ओव्हन असेल तर २५ अंश कमी. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण ओव्हनची तबकडी दाखवते ते तापमान आत असेलच असे नाही. ओव्हनची परीक्षा घ्यायची तर एका छोट्या ट्रेमध्ये दोन चमचे भाजलेला चुरा नुसताच पसरून त्याच तापमानाला पंधरा मिनिटे ठेवा. तो काळा पडला तर २५ अंश खाली या. रंग फारसा बदललाच नाही तर पुढच्या वेळी कढईत मिनिटभर जास्त परता.

मांस शिजले की नाही हे मात्र रंगावरून ठरवू नका, कारण या पद्धतीत रंग आधीच आलेला असतो आणि तो आतल्याविषयी काहीच सांगत नाही. भाजलेल्या चुऱ्याचा हा एकमेव धोका आहे. पंधरा-वीस डॉलरचा सुईचा थर्मामीटर घ्या आणि सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. चिकन १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसला सुरक्षित होते; थाय मात्र १७५ ते १८० अंशांपर्यंत नेली तर तिच्यातला चिवट भाग विरघळून ती अधिक मऊ लागते. छातीचा तुकडा १६५ च्या पुढे नेऊ नये.

पोर्कच्या बाबतीत आपल्या मनात जुनी भीती असते. अखंड चॉप किंवा रोस्टसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये किमान तापमान १६० वरून १४५ अंशांवर, म्हणजे ६३ अंश सेल्सिअसवर आणले आणि त्यानंतर तीन मिनिटे तसेच ठेवायला सांगितले. या तापमानाला आतून किंचित गुलाबी छटा दिसते. ती कच्चेपणाची खूण नव्हे. खिमा केलेल्या पोर्कला मात्र १६० अंश लागतातच. इंचभर जाडीचा चॉप ४२५ अंशांना पंधरा ते वीस मिनिटांत होतो, तरी मी बाराव्या मिनिटापासून थर्मामीटर लावून पाहू लागतो. अर्ध्या इंचाचे पातळ चॉप दहा-बारा मिनिटांतच होतात, म्हणून त्यांच्यासाठी चुरा कढईतच आणखी एक छटा पुढे न्यावा. चॉपच्या कडेला चरबीची पट्टी असते, ती तापल्यावर आकसते आणि चॉप वाटीसारखा वळतो. मग मधला चुरा सुटतो. लेप लावण्यापूर्वी त्या पट्टीला इंचाइंचाच्या अंतराने सुरीने आडव्या चिरा द्याव्यात. निवड करता आली तर खांद्याकडचा, चरबीच्या रेषा असलेला चॉप घ्या. कमरेकडचा दिसायला देखणा असतो, पण दोन मिनिटांचा उशीरही त्याला खपत नाही.

बाहेर काढल्यावरची चूक मी स्वतः भरपूर किंमत देऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी चाळीस माणसांच्या एका मुंजीनंतरच्या पार्टीसाठी थायचे चार ट्रे केले होते. ओव्हनमधून निघाले तेव्हा बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजावेत असे होते. गरम राहावेत म्हणून मी प्रत्येक ट्रे फॉइलने घट्ट झाकला आणि पाऊण तास गाडी चालवत हॉलवर पोहोचलो. फॉइल काढली तर आतून पाणी ओघळत होते आणि चिकनवर ओल्या ब्रेडचा लगदा बसला होता. यजमान भले होते म्हणून निभावले. तेव्हापासून मी असे तुकडे पाच मिनिटे जाळीवर उघडे ठेवतो, न्यायचे असतील तर उघड्या ट्रेमध्ये नेऊन तिथल्या ओव्हनमध्ये पुन्हा तापवतो, आणि तिथे ओव्हन नसेल तर हा पदार्थ स्वीकारतच नाही.

चुरा साठवण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. तेल न लावलेला, कडकडीत वाळलेला चुरा हवाबंद बरणीत महिनाभर बाहेर चांगला राहतो. तेलात परतलेला चुरा फ्रीजमध्ये महिनाभर आणि फ्रीझरमध्ये तीन महिने ठेवावा. तिथे तो गोठून घट्ट होत नाही, थेट वापरता येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, आणि बरणीवर तारीख लिहावी. उघडल्यावर जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला तर मोह न धरता टाकून द्यावा. मसाल्यांत मी लसूण आणि कांद्याची पूड साठवणीच्या बरणीत घालत नाही, त्या दिवशी लागेल तेवढ्यात मिसळतो, कारण या पुडी हवेतली ओल ओढतात आणि सगळा चुरा दमट करतात.

उरलेले शिजलेले तुकडे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. ४०० अंशांना जाळीवर दहा-बारा मिनिटे ठेवले की कवच पुन्हा वाजू लागते; आतले तापमान पुन्हा १६५ झाले का ते त्याच थर्मामीटरने पाहावे. पोर्क चॉप अशा वेळी थोडा कोरडा होतो, म्हणून मी उरलेल्या चॉपच्या पातळ चकत्या करून त्या थंडच पावात घालतो, सोबत मोहरी आणि काकडी.

पुढच्या प्रयत्नात कोणता ब्रेड घेतला आणि ओव्हन पंख्याचा आहे की साधा, एवढे कळवलेत तर वेळ आणि आच तुमच्यासाठी नेमकी बसवून देता येईल.